नोटिशीत नसलेलं कुंपण

अण्णांना काचबिंदू झाला आणि दोन-तीन वर्षांत नजर इतकी अधू झाली की समोरचं माणूस त्यांना आवाजावरूनच कळायचं. तरी सकाळी बागेत जायचं त्यांनी सोडलं नाही. घरापासून फाटकापर्यंत ते माझा दंड धरून यायचे. फाटकातून आत शिरलं की दंड सोडायचे आणि डावा हात मेंदीच्या कुंपणावर ठेवायचे. तिथून पुढे त्यांना माझी गरज नसे.

कुंपण पायवाटेच्या कडेकडेने साऱ्या बागेला वळसा घालून गेलं होतं. छातीइतकं उंच, हातभर रुंद. अण्णा बोटं पसरून शेंड्यांवरून हात फिरवत चालायचे आणि मधूनच सांगायचे, "नळ आला." गळक्या नळाजवळचा पाला कायम ओला आणि दाट असायचा. तीस-चाळीस पावलांवर मेंदी विरळ व्हायची, हाताला नुसत्या काटक्या लागायच्या. म्हणजे पर्जन्यवृक्षाची सावली सुरू झाली. मेंदीला ऊन लागतं, सावलीत ती रोडावते. कोपऱ्यावर कधीतरी मेंदी मेली होती तिथे माळीकाकांनी कोयनेल लावली होती. तिचं पान मोठं, गुळगुळीत. पान बदललं की डावीकडे वळायचं. मग पोरांनी चेंडू काढायला पाडलेलं भगदाड, आणि भगदाडापासून सातव्या पावलावर त्यांचा बाक.

जुन्या मेंदीला बारीक काटे येतात. अण्णांच्या बोटांच्या पेरांवर कायम दोन-तीन ओरखडे असायचे आणि हाताला चुरडलेल्या पाल्याचा हिरवट वास. घरी येऊन हात धुऊन चहाचा कप धरला तरी तो वास जायचा नाही.

आमच्या शहरातली ही बाग काही मोठी नाही. एक गोल वाट, मधे हिरवळ, एक कारंजं जे मी सुरू असलेलं चार-पाच वेळाच पाहिलं असेल, घसरगुंडी, झोपाळे. पण झाडं होती. दोन पर्जन्यवृक्ष, एक बुचाचं झाड, करंज, कडुनिंब, एक ताम्हण, मागच्या भिंतीलगत गुलमोहरांची रांग. उन्हाळ्यात पर्जन्यवृक्षाच्या काळ्या चिकट शेंगा वाटेवर पडायच्या आणि चपलेला चिकटून घरापर्यंत यायच्या. संध्याकाळी त्याची पानं मिटतात. पानं मिटायला लागली की आई आम्हाला घरी हाकायची, घड्याळ बघायची नाही. बुचाची लांब दांड्यांची पांढरी फुलं पहाटे गळायची. ती गुंफायला सुई लागत नाही, दांड्यांचीच वेणी होते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका-पोरी मेंदीचा पाला घ्यायला यायच्या. बागेतलं पान तोडायला मनाई असल्याची पाटी होती, पण त्या दिवशी माळीकाका पाटीकडे पाठ करून उभे राहायचे. "कडेकडेने ओरबाडा, शेंडा मोडू नका गं," एवढंच त्यांचं म्हणणं. मग पाट्यावर वाटण, त्यात कात, लिंबू, आणि रात्री हाताला फडकं बांधून झोपणं. त्या बागेने आमचे हात रंगवलेले आहेत.

2023 च्या सुरुवातीला एका सकाळी पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यावर कागद दिसला. उद्यानाच्या सुशोभीकरणासाठी अकरा झाडं तोडायची होती. नागरिकांनी सात दिवसांत हरकती द्याव्यात. खाली तक्ता : अनुक्रमांक, झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, कारण. मी उभ्या उभ्या तो अण्णांना वाचून दाखवला. पर्जन्यवृक्ष, अंदाजे वय 45 वर्षे, कारण : कामास अडथळा. बूच, 40 वर्षे, धोकादायक. गुलमोहर, 30 वर्षे, धोकादायक. गुलमोहर. गुलमोहर.

अण्णांनी मला थांबवलं. "पर्जन्यवृक्षाचं किती म्हणालीस?"

"पंचेचाळीस."

"खोटं आहे. एकाहत्तरच्या पावसाळ्यात लावलंय ते. मी नोकरीला लागलो त्या साली. मी बघितलंय लावताना."

मला तेव्हा या सात वर्षांच्या फरकाचं महत्त्व कळलं नव्हतं. महाराष्ट्रात शहरातली झाडं तोडण्याबाबत 1975 चा कायदा आहे. त्याचं लांबलचक सरकारी नाव महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, झाडावर चिकटवायची नोटीस, वर्तमानपत्रातली जाहिरात, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, हे सगळं त्यातून आलेलं. 2021 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता 'हेरिटेज वृक्ष', म्हणजे वारसा वृक्ष. आणि एक झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी रोपं लावायची, 7 वर्षं त्यांची निगा राखायची. तोपर्यंत बागेत आलेला प्रत्येक ठेकेदार मोजायचा तो बुंध्याचा घेर. आता प्रश्न वयाचा झाला होता. बावन्न वर्षांचं झाड पंचेचाळीसचं ठरलं, की ते वारशातूनही बाहेर आणि सात रोपांचीही बचत. मी असं म्हणत नाही की हे कोणी मुद्दाम केलं. घेरावरून अंदाज करताना पाच-सात वर्षांचा फरक सहज पडतो. कापलेल्या बुंध्यावरची वर्तुळं मोजून वय काढतात हे शाळेत शिकवलं होतं, पण ते थंड मुलखात. आपल्याकडे सागासारख्या काही झाडांत वर्तुळं नीट उमटतात, बऱ्याच झाडांत ती वर्षागणिक येतीलच असं नाही. आणि वर्तुळं बघायची म्हणजे झाड आधी कापायचं. उभ्या झाडाचं वय ते लावताना पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस गेला की झाडाची जन्मतारीखही गेली.

आमच्याकडे तो माणूस होता. पण नुसत्या म्हणण्याला कोण विचारतो? दुपारी मी माळ्यावरून जुने अल्बम काढले. तिसऱ्या अल्बममध्ये फोटो सापडला. आई बागेत उभी आहे, कडेवर दादा, जेमतेम वर्षाचा. दादाचा जन्म 1972 चा. आईच्या मागे विटांचं गोल आळं आणि त्यात बांबूच्या आधाराने उभं असलेलं मनगटाएवढ्या खोडाचं झाड. मागे पाण्याची टाकी. तीच टाकी, तोच कोपरा. अण्णांना मी फोटो हातात दिला. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी कागदाच्या कडा चाचपल्या आणि विचारलं, "तुझ्या आईची साडी चौकड्यांची आहे ना?" होती.

हरकत आम्ही तिघांनी मिळून लिहिली. अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं, माझ्या मुलीने टाइप केलं. फोटोची प्रत आणि दादाचा जन्मदाखला जोडला. सुनावणीला अण्णा स्वतः आले. दालनातले अधिकारी तरुण होते. "आजोबा, बसा," म्हणाले, आणि फोटो टेबलावरच्या काचेवर ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हाताखालच्या माणसाला झाडाजवळ उभं राहून टाकीचा फोटो काढून आणायला सांगितलं. सरकारी कचेरीत कुणी आपलं म्हणणं इतक्या शांतपणे ऐकून घेतलेलं मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलंय, म्हणून हे नोंदवून ठेवते.

त्यांनी गुलमोहरांबद्दल जे सांगितलं तेही मला पटलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. आदल्या पावसाळ्यात त्यातला एक रिकाम्या झोपाळ्यावर पडला होता. ती सुट्टीची संध्याकाळ असती तर? झाड पडून माणसं दगावल्याची बातमी दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येते. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्यापुढे सावलीच्या गोष्टी सांगण्याची माझी हिंमत नाही.

पण झाड धोकादायक होतं कसं, हेही कुणीतरी तक्त्यात लिहायला हवं. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि डेऱ्याच्याही पलीकडे पसरतात. त्या मुळांना पाणी जितकं लागतं तितकीच हवा लागते. आमच्या बागेत 2010 च्या सुमारास मातीची पायवाट उकरून पेव्हर ब्लॉक बसवले. खाली काँक्रीट, वर ब्लॉक, थेट बुंध्याला टेकवून. नंतर दिव्यांच्या केबलसाठी गुलमोहरांच्या एका बाजूने चर खणला, मुळं तोडून. मग तारांना लागतात म्हणून त्याच बाजूच्या फांद्या छाटल्या. छाटणीचं काम झाडं ओळखणाऱ्या माणसाला मिळतंच असं नाही. फांदी मधेच तासली, की तो घाव भरत नाही, तिथून पाणी मुरतं, खोड आतून पोकळ होतं. एका बाजूला मूळ नाही आणि दुसऱ्या बाजूला सगळा भार, असं झाड दहा पावसाळे तग धरतं आणि अकराव्याला आडवं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 सालीच दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर! एवढी जागा आमच्या बागेत एकाही झाडाभोवती नव्हती.

दोन महिन्यांनी निर्णय आला. पर्जन्यवृक्ष दोन्ही वाचले. ताम्हण आणि एक कडुनिंब वाचला. गुलमोहर आणि बूच गेले. बुचाचं मला फार लागलं, पण त्याच्या खोडात हात जाईल एवढी ढोली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अकरातली चार झाडं राखली गेली म्हणून आम्ही पेढे वाटले.

कुंपणाचा विचार आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नाही. तक्त्यात ते नव्हतंच.

रविवारी सकाळी सातला आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा आत जेसीबी सुरू होता. बागेच्या तीन बाजूंची मेंदी आधीच उपटून झाली होती. जेसीबीचा दात कुंपणाखाली शिरायचा, वर उचलायचा, आणि पाच-सहा फुटांचा तुकडा मुळांसकट, मातीसकट निघून यायचा. आत जुने चेंडू, एक प्लास्टिकची भोवरी, बिस्किटांचे कागद, आणि मुळांच्या गुंत्यात एक वाटीएवढं घरटं. बुलबुलाचं असावं. वर दोन बुलबुल ओरडत होते. मी धावत जाऊन ड्रायव्हरला थांबवलं. त्याने मुकादमाकडे बोट दाखवलं. मुकादम म्हणाला, "ताई, झाडाला आम्ही हात नाही लावला. हे हेज आहे. याला परवानगी लागत नाही." सोमवारी कचेरीतही तेच ऐकलं, जरा जास्त अदबीने. झाडं वृक्ष अधिकाऱ्यांकडे, कुंपण स्थापत्यच्या कामात. मेंदीच्या जागी स्टेनलेस स्टीलची ग्रिल येणार होती आणि ती अंदाजपत्रकात होती, रनिंग मीटरच्या दराने.

अंदाजपत्रकात मेंदीचा भाव काय धरणार? ती कोणी विकत आणली नव्हती. माळीकाकांनी आणि त्यांच्या आधीच्या माळ्यांनी छाट लावून लावून ती वाढवली होती. वृक्षगणनेत झाडाची जात, उंची, घेर भरतात. कुंपणाला घेर नसतो. पन्नास वर्षं तिथे उभी असलेली ती वस्तू कुठल्याच वहीत नव्हती, आणि जी वहीत नाही ती काढताना कुणाला विचारायचं? शिंपी पक्षी, बुलबुल, खाली सरपटणारा भारद्वाज, संध्याकाळी शेकड्यांनी गोळा होऊन कलकलाट करणाऱ्या चिमण्या, हे सगळे उंच झाडांपेक्षा कुंपणात जास्त होते. उंच झाडाकडे आपण मान वर करून बघतो, त्याला मिठी मारता येते, त्याच्यासाठी फलक धरता येतो. कुंपणासाठी कोण उभं राहणार? मी स्वतः उभी राहिले नाही. माझ्या वडिलांचा हात रोज ज्याच्यावरून फिरत होता ते मला हरकतीच्या अर्जात लिहायला सुचलं नाही.

काम रविवारी होतं याची मला नंतर सवय झाली. ज्या ज्या ओळखीच्यांना मी हे सांगितलं त्यांनी आपल्या गावची अशीच गोष्ट सांगितली : जोडून आलेली सुट्टी, पहाट, रात्र. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने मुंबईतल्या आरे कॉलनीतल्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या, आणि सोमवारी 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत 2,141 झाडं आडवी झाली होती. ते प्रकरण बागेचं नाही आणि आमच्या अकरा झाडांशी त्याची बरोबरीही नाही. पण करवतीला किती थोडा वेळ पुरतो हे तिथे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

याउलट मुंबईतलीच राणीची बाग. 1862 साली खुली झालेली, आणि मूळची वनस्पतींची बाग, प्राणी नंतरचे. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा अवाढव्य आराखडा आला तेव्हा काही नागरिक वर्षानुवर्षं त्यामागे लागले. त्यांनी घोषणांच्या आधी मोजणी केली. कुठलं झाड, कोणत्या जातीचं, कुठे उभं आहे. तिथे 286 जातींची तीन हजारांवर झाडं आहेत, त्यांत गोरखचिंच आहे, उर्वशी आहे, हे लोकांसमोर ठेवलं. मूळ आराखडा बदलावा लागला. मी ती बाग दोनदा पाहिली आहे. उर्वशीच्या झाडाखाली उभी राहिले होते तेव्हा एवढंच मनात आलं की कुणीतरी हिला नावानिशी कागदावर उतरवलं, म्हणून ही आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. कुंपण काढल्याचा आनंद झालेली माणसंही आहेत. आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळच्या शिफ्टवरून सुटून बागेच्या कडेने घरी येतात. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सकाळची बाग माहीत आहे. रात्री आठला त्या मेंदीमागे कोण बसलंय ते दिसत नव्हतं. मी जीव मुठीत धरून यायचे." मी काय उत्तर देणार? त्यांची भीती खरी आहे. पण माळीकाका होते तोवर कुंपण कमरेच्या वर कधी गेलं नव्हतं. दर महिन्याला सुतळी ताणून ते कात्रीने शेंडे एका रेषेत आणायचे. ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही, ठेकेदाराची माणसं वर्षातून दोनदा येऊ लागली, आणि कुंपण छातीपर्यंत चढलं. रस्त्याकडचे दोन दिवे तर कितीतरी महिने बंद होते. वहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "कमरेएवढं असतं तर माझी काही हरकत नव्हती हो." त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आम्हालाही नाही.

ग्रिल लागल्यावर अण्णा दोन दिवस आले. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने डावा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पुन्हा ठेवला. गजामागून गज, सगळे सारखे, सगळीकडे सारख्याच अंतरावर. नळ कुठे आला ते कळेना. कोपरा कळेना. बाकाच्या पुढे पंधरा-वीस पावलं गेल्यावर ते थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. त्या बागेत त्यांनी मला हाक मारल्याची ती पहिली वेळ. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज नको, गुडघा दुखतोय." गुडघ्याचा त्रास त्यांना कधीच नव्हता.

त्या रविवारी मी ढिगाऱ्यातून मेंदीच्या काही फांद्या उचलून आणल्या होत्या, का ते मलाही ठाऊक नव्हतं. अण्णांनीच मग सांगितलं. पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे घे. खालचा पाला काढ. तीन-चार डोळे मातीत जातील असे खोच, तिरके. सावलीत ठेव, माती नुसती ओलसर राहू दे, चिखल नको. बारा कुंड्यांत बारा काड्या लावल्या. पाच वाळल्या. सातांना पालवी फुटली. पहिल्या वर्षीच्या कोवळ्या फुटीपासून अण्णांनी पुन्हा छाट काढायला लावले, आणि आता आमच्या गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत. ते त्यांना ओळीत लावून घेतात. सकाळी हात फिरवत या टोकाहून त्या टोकाला जातात आणि कुठलं रोप मागे पडलंय ते मला सांगतात.

ग्रिलच्या आतल्या बाजूने दीड फुटाची मातीची पट्टी मोकळी आहे, मी टेपने मोजली. तिथे नळापासून कोपऱ्यापर्यंत स्वखर्चाने मेंदी लावू द्यावी, ती कमरेच्या वर जाऊ देणार नाही, छाटणी आम्ही करू, असा अर्ज केलाय. पहिली सही वहिनींची आहे. खाली अण्णांनी लिहायला लावलेली एक ओळ आहे : कृपया या कुंपणाची नोंद उद्यानाच्या नोंदवहीत घ्यावी, लावल्याच्या तारखेसह.

आवक क्रमांक मिळालाय. पावसाला अजून सहा आठवडे आहेत.